सरकलेले केंद्र
राईस मिलमधल्या एक्सेंट्रिकविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात धानाची आवक सुरू होते आणि पुढचे कित्येक महिने इथल्या राईस मिलांचे पट्टे थांबत नाहीत. आमगाव, तिरोडा, गोरेगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव आणि खुद्द गोंदिया, आठही तालुक्यांची सारी भिस्त धानावर. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ आधारभूत किमतीने धान घेतात, ते भरडाईसाठी मिलांकडे येते, आणि क्विंटलभर धानामागे मिलरला ६७ किलो कच्चा किंवा ६८ किलो उकडा तांदूळ परत द्यावा लागतो. एवढ्या घट्ट हिशेबात अर्धा किलो इकडेतिकडे झाला तरी तो खिशातून जातो. हा अर्धा किलो कुठे गळतो, असे विचारले की बहुतेक जण शेलरच्या रबर रोलकडे किंवा पॉलिशरकडे बोट दाखवतात. ते चूकही नाही. पण त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला सेपरेटर बिघडला, तर शेलर आणि पॉलिशर कितीही चांगले असोत, कणी वाढते आणि पांढऱ्या तांदळात धान दिसू लागते. सेपरेटरचा सगळा जीव एका लहानशा भागात असतो. त्याचे नाव एक्सेंट्रिक.

ही पुस्तिका त्या एका भागावर आहे. मिलमधला फिटर, आयटीआयचा विद्यार्थी आणि मशीन विकत घेताना फक्त टनाचा आकडा विचारणारा मालक, असे तीन वाचक डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. तिघांनाही नववी-दहावीचे गणित आणि थोडा धीर पुरेल.

एक्सेंट्रिक म्हणजे एक गोल तबकडी. तिच्यात शाफ्टसाठी भोक असते, पण ते तबकडीच्या मध्यावर नसते, जरा बाजूला असते. मध्यापासून ते किती सरकले आहे त्या अंतराला उत्केंद्रता म्हणतात. शाफ्ट फिरला की तबकडीचे केंद्र शाफ्टभोवती लहानसे वर्तुळ काढते. तबकडीवर एक कडे बसवलेले असते, त्याला कारखान्यात स्ट्रॅप म्हणतात, आणि स्ट्रॅपला एक दांडा जोडलेला असतो. तबकडी कड्याच्या आत फिरत राहते, कडे मात्र फिरत नाही, ते तबकडीच्या केंद्रामागे ओढले जाते. दांड्याचे दुसरे टोक चाळणीच्या पेटीला किंवा सेपरेटरच्या टेबलाला जोडले की मोटरचे गोल फिरणे टेबलाच्या मागेपुढे हलण्यात उतरते. केंद्र २५ मिलिमीटर सरकवले असेल तर टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५० मिलिमीटर जाते. स्ट्रोक म्हणजे उत्केंद्रतेच्या दुप्पट. या पुस्तिकेतले पुढचे सगळे गणित या एका वाक्यातून निघते.

क्रँक आणि एक्सेंट्रिक यांत भूमितीच्या दृष्टीने काहीच फरक नाही. क्रँकची पिन फुगवत फुगवत इतकी मोठी केली की शाफ्टच तिच्या पोटात मावला, की झाले एक्सेंट्रिक. फरक बनावटीत आहे आणि तो मोठा आहे. क्रँकसाठी शाफ्ट वाकवावा किंवा तोडावा लागतो. एक्सेंट्रिक मात्र सरळ, अखंड शाफ्टवर हव्या त्या जागी चावी ठोकून बसवता येते. एकाच शाफ्टवर दोन, चार, सहा बसवता येतात आणि प्रत्येकाचा कोन वेगळा ठेवता येतो. वाफेच्या इंजिनांनी हा गुण आधी ओळखला. १८४२ साली न्यूकॅसलच्या रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात जी व्हॉल्व्ह-यंत्रणा तयार झाली, तिच्यात दर सिलिंडरमागे दोन एक्सेंट्रिक असत, एक पुढे जाण्यासाठी आणि एक मागे येण्यासाठी. पुढे कितीतरी दशके जगभरच्या रेल्वे इंजिनांमध्ये ही रचना चालली. एक्सेंट्रिकच्या या सोयीची किंमत घर्षणात मोजावी लागते. तबकडी मोठी, म्हणून घासणारा पृष्ठभाग मोठा, म्हणून उष्णता जास्त. म्हणूनच लांब स्ट्रोक हवा असेल तिथे क्रँक वापरतात आणि आखूड, नेमका, न थकता चालणारा स्ट्रोक हवा असेल तिथे एक्सेंट्रिक. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाफ्ट फिरवून दांडा हलवणे सोपे जाते. दांडा ढकलून शाफ्ट फिरवू पाहिले, तर आखूड उत्केंद्रतेच्या मशीनवर घर्षणच आडवे येते.

आपल्या भागात एक्सेंट्रिक भरडाईत कसे शिरले, ते थोडे सांगायला हवे. आधी गावोगावी भरडाईसाठी जो हलर होता, त्याचे मूळ ब्राझीलमध्ये. एव्हारिस्टो कॉनराडो एंगेलबर्ग या माणसाने १८८५ साली त्याचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच अमेरिकेतल्या सिराक्यूजमध्ये त्याचा कारखाना निघाला. एक फिरता लोखंडी रोलर, त्याभोवती जाळी आणि आडवी पाती. धान एका तोंडातून घालायचे. तूस आणि कोंडा एका दमात निघे, पण दोन्ही एकमेकांत मिसळलेले आणि तांदूळ बराच तुटलेला. त्यात मागेपुढे हलणारे काही नव्हतेच. १९५८ साली भात गिरण्यांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा आला आणि पुढच्या दशकांत हलरच्या जागी रबर रोल शेलर यावेत असा सरकारचा आग्रह राहिला. शेलरमध्ये दोन रबरी रोल उलट दिशांना फिरतात, त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा सुमारे पाव पट जास्त वेगाने. या वेगांच्या फरकात धानाचे तूस सोलले जाते आणि आतला ब्राउन राईस शाबूत राहतो. पण शेलर एका फेरीत सगळे धान सोलत नाही. सोलले जाते साधारण ८५ ते ९० टक्के. सगळेच सोलण्याचा हट्ट धरून रोल आवळले तर दाणा तुटतो, रबरही लवकर झिजते. म्हणजे दर फेरीला न सोललेले दहा-पंधरा टक्के धान ब्राउन राईसमधून वेगळे काढून पुन्हा शेलरकडे पाठवणे भाग पडते. हे वेगळे काढण्याचे काम सेपरेटरचे. शेलर आला म्हणून सेपरेटर आला, आणि सेपरेटर आला म्हणून एक्सेंट्रिक आले.

धान आणि ब्राउन राईस यांच्या आकारात फरक इतका थोडा असतो की नुसत्या चाळणीने ते वेगळे होत नाहीत. जिथे चाळणी हरते तिथे हालचाल कामी येते. घरी सुपात तांदूळ पाखडणाऱ्या बाईच्या मनगटात जे असते, तेच इथे लोखंडात उतरवले आहे: विशिष्ट लांबीचा, विशिष्ट वेगाचा झटका, पुन्हा पुन्हा, अगदी सारखा. झटक्याने दाण्यांचा थर सैल होतो. जड, गुळगुळीत ब्राउन राईस खाली बसतो. हलके, फुगीर, खरखरीत धान वर येते. थर लागले की मग प्रत्येकाला वेगवेगळ्या दिशेने हाकलता येते.

हे हाकलणे दोन प्रकारांनी होते आणि दोन्ही प्रकारची मशीन पाहायला मिळतात. जुना प्रकार कप्प्यांचा. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या शूले कंपनीच्या नावाने तो ओळखला जातो. उतरते, गुळगुळीत पोलादी टेबल, त्यात नागमोडी भिंतींचे कप्पे, आणि टेबल उताराला आडवे हलते. हा स्ट्रोक लांब असतो, वेग कमी, मिनिटाला शंभराच्या आसपास. वर आलेले धान नागमोडी भिंतींवर आपटत आपटत उताराच्या वरच्या बाजूला चढते आणि खाली बसलेला ब्राउन राईस घसरून खालच्या बाजूला उतरतो. दुसरा प्रकार ट्रेचा. जपानच्या साताके कंपनीने तो सर्वदूर नेला. एकावर एक ठेवलेले पत्र्याचे ट्रे, त्यांवर खळगे ठोकलेले, ट्रे दोन दिशांनी कललेले. इथे स्ट्रोक आखूड आणि वेग जास्त. खाली बसलेला ब्राउन राईस खळग्यांत अडकून प्रत्येक झटक्याला वर ढकलला जातो आणि वर तरंगणारे धान खाली घरंगळते. म्हणजे कप्प्यांच्या मशीनमध्ये धान वर चढते, ट्रेच्या मशीनमध्ये ब्राउन राईस. एका मशीनवर शिकलेला ऑपरेटर दुसऱ्यावर आला की पहिले काही दिवस उतार उलट्या बाजूने दुरुस्त करत बसतो, त्याचे कारण हेच.

सेपरेटर हे एक उदाहरण झाले. धान मिलमध्ये शिरताच ज्या क्लीनरच्या चाळण्यांवर पडते, त्या एक्सेंट्रिकवर हलतात. खडा काढणाऱ्या डिस्टोनरमध्ये खालून हवा दाणा तरंगवते आणि टेबलाचा तिरका झटका खड्याला उताराच्या विरुद्ध वर चढवतो, तिथेही तेच. मिलच्या बाहेर पडून गिट्टीच्या क्रशरवर गेलात तर जबड्यामागे एक्सेंट्रिक शाफ्टच सापडेल. एली व्हिटनी ब्लेक यांनी १८५८ साली पेटंट घेतलेल्या क्रशरचीच ती वंशावळ. भंडारा जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. खनिज पाण्यात उसळवून वेगळे करणाऱ्या जुन्या धाटणीच्या जिग यंत्रातही दट्ट्याला वरखाली करते ते एक्सेंट्रिकच. पत्र्याला भोके पाडणारा पॉवर प्रेस, शिलाई मशीनचे पोट, कितीतरी ठिकाणी ते लपलेले असते. पण या पुस्तिकेने मुक्काम राईस मिलमध्येच ठेवला आहे. एक मशीन नीट कळले की बाकीची आपोआप उलगडतात.

आता ज्या गोष्टीसाठी ही पुस्तिका लिहावीशी वाटली, तिच्याकडे येतो.

एक्सेंट्रिकचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा स्ट्रोक ठाम असतो. चाळणी हलवण्याचा दुसरा मार्ग आहे व्हायब्रो मोटरचा. तिच्या शाफ्टवर एका बाजूला वजन लावलेले असते आणि ते फिरताना सगळी पेटी थरथरते. त्या पेटीवर माल जास्त पडला की थरथर कमी होते. मशीन स्वतःला वाचवते, पण चाळणे बिघडते. एक्सेंट्रिक असे करत नाही. केंद्र २५ मिलिमीटर सरकले आहे, तर टेबल ५० मिलिमीटर हलणारच, त्यावर माल असो वा नसो, कमी असो वा दुप्पट. हालचालीचे माप भूमितीने ठरवून टाकले आहे. धान आणि ब्राउन राईससारखे थोड्या फरकाचे दाणे वेगळे करायचे असतील तर असाच ठामपणा लागतो. मात्र या ठामपणाची दुसरी बाजू अशी की मशीनवर अतिभार आला तर स्ट्रोक माघार घेत नाही. माघार घेते बेअरिंग, नाहीतर दांडा, नाहीतर पायाचा बोल्ट.

किती जोर लागतो याचा हिशेब करून पाहू. टेबल, ट्रे आणि वरचा माल धरून २०० किलो वजन हलते आहे, उत्केंद्रता २५ मिलिमीटर आणि शाफ्टचे फेरे मिनिटाला ३००. टोकाशी टेबल थांबते आणि उलटे फिरते, तिथे त्वरण सर्वांत जास्त. ते येते सुमारे २४.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पट. दांड्यावर येणारा जोर जवळपास ५०० किलो वजनाइतका, आणि तो सेकंदाला दहा वेळा दिशा बदलतो. मिल चोवीस तास चालली तर दिवसाला ४ लाख ३२ हजार फेरे. अडीच दिवस पुरे व्हायच्या आत दहा लाख. लोखंडाला एवढ्या वेळा उलटसुलट वाकवले तर कुठल्याशा कोपऱ्यातली केसाएवढी चीर वाढत जाते आणि एके दिवशी दांडा तुटतो. तुटल्यावर सगळे म्हणतात, माल खराब होता. कधी असतोही. पण जास्त वेळा दोष वेगात सापडतो.

कारण त्वरण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे वाक्य प्रत्येक मिलच्या भिंतीवर लिहावे असे मला वाटते. हंगामात धानाचे ढीग लागतात, मालकाला घाई असते, आणि कुणीतरी सुचवते की मोटरवरची चार इंची पुली काढून पाच इंची लावा, मशीन जास्त माल ओढेल. फेरे ३०० वरून ३७५ होतात, म्हणजे पाव पट वाढ. जोर मात्र ५०० वरून जवळपास ७९० किलोवर जातो, म्हणजे ५६ टक्के वाढ. बेअरिंगला हा हिशेब लगेच कळतो. मालालाही कळतो. झटका प्रमाणाबाहेर गेला की दाणे थर लावण्याऐवजी उड्या मारू लागतात, वर आलेले धान पुन्हा खाली मिसळते, आणि सेपरेटरच्या मधल्या तोंडातून जो मिश्र माल पुन्हा फिरवावा लागतो तो वाढतो. मशीनमधून जास्त माल जातो आहे असे दिसते. खरे तर तोच माल दोनदा, तीनदा जातो. धानाबरोबर जो ब्राउन राईस शेलरकडे परत जातो, तो सोललेला दाणा पुन्हा रोलमध्ये चिरडला जातो आणि त्याची कणी होते. आणि ब्राउन राईसमध्ये राहून गेलेले धान पॉलिशरमधून पुढे जाऊन शेवटी तांदळात दिसते, मग लॉट परत येतो. पुली बदलून जेवढे मिळवले त्याच्या कितीतरी पट असे जाते. माल जास्त ओढायचा असेल तर ट्रेंची संख्या वाढवावी, मशीन वाढवावे. फेरे वाढवू नयेत. या मताशी पुस्तिका शेवटपर्यंत ठाम आहे.

स्ट्रोक बदलण्याची सोय काही मशीनवर मुद्दाम दिलेली असते. एका एक्सेंट्रिकच्या आत दुसरे एक्सेंट्रिक बसवतात आणि दोघांमधला कोन बदलून एकूण उत्केंद्रता कमी-जास्त करतात. ज्या मशीनवर ती नाही तिथे उताराचे हँडल आणि मालाची आवक यांवरच काम भागवावे लागते. धानाची जात बदलली की हे करावेच लागते. एचएमटीचा बारीक दाणा आणि जाड्या धानाचा दाणा एकाच उतारावर सारखे वागत नाहीत. एचएमटी ही जात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढली, ती त्यांच्या शेतातल्या थोड्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्यांवरून. एका शेतकऱ्याने दाण्यातला बारीक फरक डोळ्याने हेरला आणि ती जात दूरदूरच्या शेतांत गेली. तोच फरक मशीनवर सांभाळणे मिलच्या ऑपरेटरच्या हाती आहे. त्याच्या नजरेला मी तेवढेच महत्त्व देतो.

देखभालीच्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. त्यातल्या दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण त्या सहसा कुणी सांगत नाही. पहिली गोष्ट जोडीच्या एक्सेंट्रिकची. रुंद टेबलाला दोन्ही बाजूंनी दांडे असतात आणि एकाच शाफ्टवर दोन एक्सेंट्रिक. त्यांचा कोन अगदी सारखा हवा. चावीचा खाचा झिजून एक पाच अंशांनी सरकले, तर स्ट्रोकच्या मध्यावर टेबलाची एक बाजू दुसरीच्या दोन मिलिमीटरहून जास्त मागे राहते. म्हणजे दर फेऱ्याला टेबल पिळले जाते. ट्रेचे वेल्डिंग एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा सुटत असेल तर वेल्डरला बोलावण्याआधी चावी तपासा.

दुसरी गोष्ट आवाजाची. बेअरिंगमध्ये खेळ पडला की ठोका ऐकू येतो, आणि बहुतेक जण तो टेबलाच्या टोकाशी शोधतात, कारण तिथे टेबल दिशा बदलते. पण टोकाशी तर दांडा पूर्ण जोराने एकाच बाजूला ताणलेला असतो. जोराची दिशा बदलते ती टेबल मध्य ओलांडून पुढे जाताना, आणि ढिला भाग तिथेच आपटतो, एका फेऱ्यात दोनदा. स्क्रू-ड्रायव्हर बेअरिंगला टेकवून त्याची मूठ कानाजवळ धरणारे जुने मिस्त्री हे अनुभवाने ओळखतात. पुस्तिकेत त्यामागचे कारण दिले आहे, म्हणजे नव्या मुलाला तेवढी वर्षे थांबावे लागणार नाही.

संतुलनाचे प्रकरण जरा अवघड आहे, तिथे घाई करू नये. मागेपुढे हलणाऱ्या वजनाचा धक्का शाफ्टवर उलट बाजूला वजन लावून पूर्ण घालवता येत नाही. आडवा धक्का कमी केला की तेवढाच उभा धक्का जन्माला येतो. म्हणून साधारण निम्माच तोल साधतात, किंवा दोन पेट्या उलटसुलट हलवून एक दुसरीचा धक्का खाईल अशी रचना करतात. पाया खचलेल्या मिलमध्ये यातला कुठलाही उपाय चालत नाही, आधी पाया. तुसाच्या धुळीचा उल्लेख तर पुस्तिकेत जागोजागी आहे. ती ग्रीसमध्ये शिरली की ग्रीसचे पॉलिश-पेपर होते, म्हणून नवे ग्रीस भरताना जुने पूर्ण बाहेर येऊ द्यावे आणि निप्पल आधी पुसावे.

एवढे वाचून झाल्यावर पहिले काम करा ते मोजण्याचे. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, पट्टा हाताने फिरवा. टेबल दोन्ही टोकांना जाईल तिथे फ्रेमवर पेन्सिलने खूण करा, दोन खुणांमधले अंतर मोजा आणि निम्मे करा. ही तुमच्या मशीनची उत्केंद्रता. दोन्ही बाजूंना मोजा. मग मशीन चालू करून टॅकोमीटरने शाफ्टचे फेरे मोजा. हे आकडे तारखेसह मशीनच्या दारामागे रंगाने लिहा आणि हंगाम संपला की पुन्हा मोजा. आयटीआयच्या शिक्षकांना विनंती अशी की वर्गातल्या मॉडेलवर थांबू नका. मे महिन्यात उन्हाळी धान यायच्या आधी ज्या मिल बंद असतात तिथे मुलांना घेऊन जा, आणि हे मोजमाप त्यांच्याच हातून करून घ्या. मालकांनी त्या दिवसापुरते मशीन उघडून द्यावे.